गाडीचा हीटर गरम हवा देत नाही? सुटे भाग बदलण्याआधी हे तपासा

नॉब लाल टोकापर्यंत फिरवलाय, पंखा जोरात चाललाय, गाडी अर्धा तास रस्त्यावर आहे आणि पायांवर येणारी हवा तरी गारच. माझ्या गाडीचं असं झालं तेव्हा गॅरेजमध्ये निदान मिळालं, ‘हीटर कोर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल.’ मी हो म्हटलं. दोन दिवस गाडी आतून मोकळी होऊन पडली होती, नवा कोर बसला, सगळं परत जोडलं गेलं, आणि हवा होती तशीच गार. मग दुसऱ्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन रबरी पाइपांना हात लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं की थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारा, मुठीत मावेल एवढा तो भाग. इंजिनाच्या तापमानाचा काटा कित्येक दिवस मध्यापर्यंत चढतच नव्हता. मी तो रोज पाहत होतो, पण हीटरचा आणि त्याचा संबंध असेल हे कधी मनातही आलं नाही.

तो संबंध आणि त्या दोन पाइपांची परीक्षा प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असावी, म्हणून हे लिहितोय. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना हे सगळं लागू आहे. निव्वळ बॅटरीवरच्या गाडीला इंजिनाची उष्णता मिळतच नाही. तिथे विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो आणि त्याला उच्च दाबाची वीज लागते. अशा गाडीत जाड नारिंगी वायरींना हात न लावता सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

हीटर चालतो कसा

गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही, तो इंजिनाची फुकट जाणारी उष्णता केबिनमध्ये आणतो. इंजिनाभोवती फिरणारं कूलंट तापतं. वॉटर पंप त्यातलं थोडं एका रबरी पाइपातून डॅशबोर्डमागच्या हीटर कोरमध्ये ढकलतो, आणि दुसऱ्या पाइपातून ते परत इंजिनाकडे येतं. हीटर कोर म्हणजे छोटासा रेडिएटरच. ब्लोअर त्याच्यावरून हवा फेकतो. गार हवा किती आणि कोरवरून आलेली हवा किती, हे आतली एक झडप ठरवते. तुम्ही नॉब फिरवता तेव्हा बहुतेक गाड्यांमध्ये ही झडप हलते.

म्हणजे गरम हवेसाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: कूलंट पुरेसं हवं, ते तापायला हवं, कोरमधून वाहायला हवं आणि हवा कोरवरून जायला हवी. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

१. आधी हे जवळ ठेवा

- गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका. कूलंटचा प्रकार आणि फ्यूजची जागा तिच्यातच सापडते.
- टॉर्च, जाड हातमोजे, जुनी फडकी, पसरट ट्रे.
- पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी.
- पक्कड, पाने आणि एक फनेल.
- जमल्यास दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा ओबीडी स्कॅनर. दोन्ही नसले तरी काम अडत नाही.

काम उघड्यावर करा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बाही, ओढणी, लांब केस त्याच्यापासून लांब ठेवा.

२. तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा

‘हीटर चालत नाही’ असं म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. हवाच येत नसेल तर दोष ब्लोअरकडचा आहे आणि त्याचा कूलंटशी काही संबंध नाही. फ्यूज पाहा, मग रिले (विजेचा स्वयंचलित स्विच), मग ब्लोअरची मोटर. पंखा फक्त सर्वांत जास्त वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद पडतो, असं असेल तर बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, जळलेला असतो. हवा येते पण क्षीण येते, तर केबिन फिल्टर काढून पाहा. धूळ आणि पाला साचून तो गच्च झालेला असतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये हातानेच निघतो.

हवा जोरात येते पण गार येते, तर पुढे वाचा.

एक अपवाद इथेच सांगतो. ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या पुष्कळ गाड्या इंजिन तापेपर्यंत पंखा मुद्दाम मंद ठेवतात, म्हणजे गार हवा अंगावर येऊ नये. तो बिघाड नाही. डिझेल इंजिनही पेट्रोलपेक्षा सावकाश तापतं. थंडीत नुसतं उभं ठेवून त्याला लवकर ऊब येत नाही, गाडी चालवावी लागते. पंधरा-वीस मिनिटं चालवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

३. कूलंटची पातळी

इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, गाडी सपाट जागी उभी करून पाहा. पारदर्शक टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं, तिथे तेही उघडून आत काठोकाठ भरलेलं आहे का ते पाहा. टाकीत कूलंट दिसतं आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, असंही असतं.

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंश सेल्सियसच्या वरही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं.

पातळी कमी असली की बऱ्याचदा पहिली झळ हीटरला बसते. अनेक गाड्यांत हीटर कोर बराच उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथेच जाऊन साठते. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, तो याचाच.

आता या लेखातला सर्वांत तातडीचा इशारा. हीटरची हवा अचानक गार झाली आणि त्याच वेळी इंजिनाचा काटा वर चढू लागला, तर गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. कूलंट निघून गेलंय किंवा पंप थांबलाय. त्यातही कूलंट अगदीच संपलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं दाखवतो, म्हणून काटा खाली आहे यावर विसंबू नका. अशा वेळी ‘पुढच्या वळणापर्यंत नेऊ’ म्हटलं की इंजिनाचा वरचा भाग, सिलेंडर हेड, वाकतो.

पातळी थोडीच कमी असेल तर भरा, पण या चुका टाळा:

- रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवं, गुलाबी, निळं यांचा कुठलाही एक नियम नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग देते. न जुळणारे दोन प्रकार मिसळले तर गाळ होतो आणि तो हीटर कोरच्या बारीक नळ्यांत बसतो.
- डब्यावर नीट वाचा. काही कूलंट तयार मिश्रण असतं, काही पाणी घालून वापरायचं असतं. घट्ट कूलंट तसंच ओतलं तर जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, अर्धं पाणी घातलेलं मिश्रण मात्र उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं.
- नळाचं जड पाणी वापरू नका. त्यातल्या क्षारांचा थर आत चढत जातो.
- सांडलेलं कूलंट लगेच पुसा. त्याची चव गोडसर असते, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते विषारी आहे. मुलांपासून तर लांबच ठेवा.

कूलंट बंद यंत्रणेत फिरतं, ते आपोआप संपत नाही. महिन्याभरात पुन्हा कमी झालं तर कुठेतरी गळती आहेच. गाडीखाली ओल, पुढच्या सीटच्या पायाशी ओला गालिचा, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास: यातलं शेवटचं त्रिकूट हीटर कोर फुटल्याची खूण आहे. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव ओतण्याचा मोह अशा वेळी होतो. माझं स्पष्ट मत आहे की तो टाळावा, कारण हीटर कोरच्या नळ्या अरुंद असतात आणि ते द्रव्य आधी तिथेच अडकतं.

४. इंजिन खरंच तापतंय का

बहुतेक इंजिनांचा थर्मोस्टॅट ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो उघडाच अडकला तर थंडीत इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. हायवेवर वाऱ्याने काटा आणखी खाली येतो आणि ट्रॅफिकमध्ये थांबलं की थोडा वर जातो. माझ्या गाडीचं अगदी हेच होत होतं. पेट्रोलही जास्त जळत होतं, ते मी थंडीच्या नावावर ढकललं.

काट्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. नव्या गाड्यांमध्ये तापमान थोडंफार खालीवर झालं तरी काटा मधोमध स्थिर दिसावा अशीच व्यवस्था असते. काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो आणि तो इंजिन तापल्यावर विझतो. ओबीडी स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. स्कॅनरवर पी-०१२८ हा बिघाडाचा कोड आला असेल तर त्याचा अर्थच ‘इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही’ असा आहे.

स्कॅनर नसेल तर सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्या वेळात चांगला तापतो. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे हीच खूण त्या पाइपावर पाहायची.

गाडी जुनी विकत घेतली असेल तर एक शक्यता लक्षात ठेवा. इंजिन तापतं म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि जागा रिकामीच ठेवतात. उन्हाळ्यात ते खपून जातं आणि थंडीत हीटर मेलेला निघतो. थर्मोस्टॅटशिवाय गाडी चालवणं हा उपाय नाही, इंजिन कायम अर्धवट तापलेलं राहून झिजतं.

५. दोन पाइपांची परीक्षा

बॉनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन रबरी पाइप शेजारी शेजारी आत जातात. साधारण अंगठ्याएवढे जाड. तेच हीटरचे. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, हीटर सर्वांत गरमवर ठेवा, इंजिन चालू ठेवा. पट्टे आणि पंखा यांच्यापासून हात लांब ठेवून, हातमोजा घालून दोन्ही पाइपांना क्षणभर स्पर्श करा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर रबरावरच नेम धरा, चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

आता तीनच शक्यता उरतात.

दोन्ही पाइप कोमट किंवा गार. गरम कूलंट कोरपर्यंत येतच नाही. इंजिनही कोमट असेल तर थर्मोस्टॅट. इंजिन गरम असेल तर कूलंट कमी आहे, हवा धरली आहे किंवा वॉटर पंप दमलाय. एक्सलरेटर दाबल्यावर हवा गरम होते आणि गाडी उभी राहिली की गार, असं असेल तर आधी पातळी आणि हवा तपासा, त्यानंतरच पंपावर संशय घ्या.

एक पाइप गरम, दुसरा गार. कूलंट कोरच्या तोंडाशी येऊन अडतंय. कोर चोंदलाय, किंवा पाइपाच्या वाटेवर वेगळा हीटर व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत तो बंद अडकलाय. व्हॉल्व्हच्या आधी पाइप गरम आणि नंतर गार असेल तर दोषी व्हॉल्व्हच.

दोन्ही पाइप चांगले गरम. कूलंट आपलं काम करतंय. दोष डॅशबोर्डच्या आत, हवेच्या झडपेत आहे. थर्मोस्टॅट किंवा पंप बदलायला कुणी सांगितलं तर नको म्हणा.

पाइपच सापडत नसतील, किंवा दोन्ही तोंडं एकमेकांना एकाच तुकड्याने जोडलेली दिसली, तर आधीच्या मालकाने गळका हीटर कोर बायपास करून टाकलाय. जुन्या गाड्यांत हे खूपदा दिसतं, आणि मग बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही.

६. हवा धरली असेल तर

पाइप किंवा पंप बदलल्यावर किंवा कूलंट नव्याने भरल्यावर हीटर बंद पडला असेल, तर जवळपास नक्की हवा अडकली आहे. गार इंजिनाची गाडी चढावर, नाक वर करून उभी करा. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. झाकण उघडून फनेल लावा, कूलंट भरा आणि इंजिन सुरू करा. हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुड्यांऐवजी अखंड धार येईपर्यंत तो किंचित सैल ठेवा. इंजिन तापेपर्यंत वरचा पाइप अधूनमधून हलका दाबा, बुडबुडे वर येतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भरा आणि झाकण लावा. कूलंट उसळून येऊ शकतं, म्हणून तोंड फनेलवर नेऊ नका. काही नव्या गाड्यांत ही पद्धत चालत नाही, व्हॅक्यूमने कूलंट भरावं लागतं. पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तर ते गॅरेजवर सोपवा.

हवा काढली आणि आठवड्यात पुन्हा धरली, तर हेड गॅस्केटची, म्हणजे सिलेंडर हेडखालच्या सीलची, शंका घ्या. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असतो. त्याची रासायनिक चाचणी सोपी आहे: निळा द्रव पिवळा पडला की गॅस्केट फुटलंय. ऑइल दुधाळ दिसणं आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, याही त्याच्याच खुणा.

७. चोंदलेला कोर धुताना

नवा कोर बसवण्याआधी जुना धुऊन पाहाच. डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही, काम बॉनेटखालूनच होतं. इंजिन गार झाल्यावर ट्रे खाली धरून दोन्ही पाइप सोडवा. पाइप जुने असतील तर घट्ट चिकटलेले असतात. ते पिळून ओढू नका, कोरची नळी नाजूक असते, तुटली की मग डॅशबोर्ड उतरवावाच लागतो. ब्लेडने रबर लांबीत अलगद चिरा आणि नवा पाइप लावा. पाइप स्वस्त, कोर महाग.

पाणी उलट्या दिशेने, म्हणजे बाहेर येणाऱ्या नळीतून आत सोडा, त्यामुळे साठलेला गाळ आल्या वाटेने निघतो. धार हलकीच ठेवा. दाबाचं पाणी किंवा कॉम्प्रेसरची हवा जुन्या कोरचे जोड फोडते. दोन्ही दिशांनी आळीपाळीने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. शेवटी डिस्टिल्ड पाणी फिरवून कूलंट भरा आणि सहावी पायरी पुन्हा करा. निघालेलं कूलंट गटारात किंवा जमिनीवर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

८. पाइप गरम, तरी हवा गार

इंजिन चालू ठेवून नॉब गार टोकापासून गरम टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि डॅशबोर्डला कान लावा. झडप हलली की हवेचा आवाज थोडा बदलतो. काहीच बदललं नाही तर जुन्या गाडीत केबल निसटलेली असते, ती पुन्हा अडकवणं सोपं. नव्या गाडीत छोटी मोटर झडप फिरवते. तिचे प्लॅस्टिकचे दाते तुटले की टक-टक आवाज येत राहतो. डावी-उजवीकडे वेगळं तापमान ठेवता येतं अशा गाडीत एकीकडे गरम आणि दुसरीकडे गार हवा आली तर गार बाजूची मोटर आधी तपासा. बॅटरी काढून लावल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर मोटर बदलू नका, काही गाड्यांत झडपेची जागा पुन्हा शिकवावी लागते.

९. गॅरेजमध्ये जाताना

‘हीटर चालत नाही, बघा’ असं म्हणू नका. काय पाहिलं ते सांगा: कूलंट पातळीवर आहे, वीस मिनिटांनी इंजिनाचं तापमान इतकं होतं, एक पाइप गरम आहे आणि दुसरा गार. एवढं ऐकल्यावर निदान अंदाजाने होत नाही. कोर बदलायचा सल्ला मिळाला तर दोन्ही पाइपांचं तापमान तुमच्यासमोर मोजायला सांगा, आणि बदललेला भाग परत मागा.

काम झाल्यावर चांगल्या हीटरची हवा ५० अंशांच्या वर जाते, व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरून ते पाहता येतं. त्यानंतर तीन-चार दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, कूलंटची रेघ पाहा. उरलेली हवा बाहेर पडली की पातळी पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरते. ती भरून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत असेल तर गाडी पुन्हा गॅरेजला न्या, गळती शिल्लक आहे.